फिरफिरे : मुलुंडच्या गॅलरीतल्या मेपलची नोंदवही

१३ नोव्हेंबर २०२२, राजपूर, देहरादून

मावसबहिणीकडचं लग्न काल उरकलं. सकाळी सातला एकटीच राजपूरच्या चढावर फिरायला गेले. एका बंगल्याच्या कुंपणाबाहेर झाडावरून काहीतरी गरगरत खाली येत होतं. पाच-सहा उचलली. दोन पंख, मध्ये चिकटलेल्या दोन फुगीर गाठी, सगळं मिळून पीळ दिलेल्या मिशीसारखं. वाळलेल्या पंखावर बारीक शिरांची जाळी. बोटाने दाब दिला की जोडी मधोमध सुटते, आणि सुटलेला एकेक भाग हवेत टाकला की गाठीभोवती फिरत उतरतो.

जोडपंखी फळ म्हणजे मेपल, एवढं कॉलेजच्या वनस्पतिशास्त्रातलं आठवत होतं. पण झाडाची पानं बघितली आणि थबकले. कॅनडाच्या झेंड्यावर १९६५ पासून जे पान आहे, त्याच्याशी या पानाचं काही नातं दिसेना. लांबट, टोकाला निमुळतं, कडेला एकही दात नाही, ना कुठे फाटा. वरून गर्द हिरवं आणि खालून राख फासल्यासारखं पांढरट. देठापाशी तीन शिरा एकदम सुटतात, मधली सरळ टोकापर्यंत जाते आणि बाजूच्या दोन कडेने वर चढतात. शेजारून जाणाऱ्या माणसाला हे मेपल वाटणारच नाही.

खात्री झाली ती फांदीवरून. पानं समोरासमोर, एका पेराला दोन. मेपलच्या सगळ्या जातींत हे असंच असतं, पानाचा आकार कसाही असो. काश्मीरचा चिनार पानाने हुबेहूब मेपलसारखा, पण त्याची पानं एकाआड एक लागतात आणि फळ असतं गोल चेंडूसारखं. चिनार त्या कुळातला नाहीच.

बंगल्याच्या माळीकाकांना विचारून झाडाखालची फळं गोळा केली. कागदी पिशवीत ठेवली. प्लॅस्टिकमध्ये घाम धरून बुरशी येते.

१६ नोव्हेंबर २०२२, चकराता

इथली उंची २,१०० मीटरच्या आसपास. पहाटे बादलीतल्या पाण्यावर पापुद्र्यासारखा बर्फ होता. आम्ही उतरलो त्या घराच्या आवारात दुसरा मेपल आहे आणि तो चित्रातल्यासारखा, पाच फाट्यांचा. बरीचशी पानं गळून खाली पिवळी-तपकिरी पडलेली. नेमकी जात ठरवायला अर्धा तास घालवला.

हिमालयात फाटेदार पानांचे तीन मेपल तरी सहज भेटतात. एसर (मेपलचं शास्त्रीय नाव) कॅपाडोसिकमच्या पानाला पाच ते सात फाटे, पण कडा गुळगुळीत, आणि ताजा देठ मोडला की दुधासारखा चीक येतो. एसर अ‍ॅक्युमिनेटमच्या फाट्यांची टोकं शेपटीसारखी लांब ओढलेली. एसर सीझियमची कड दातेरी आणि पानाची मागची बाजू निळसर-पांढरी. फांदीवर उरलेलं एक हिरवं पान घेऊन देठ मोडला. चीक नाही. कडेला बोथट दात. उलटं केलं तर मागे पांढुरकं. एसर सीझियम. घरमालकीणबाईंनी हवी तेवढी फळं न्या म्हटलं, तीस घेतली.

२० नोव्हेंबर २०२२, मुलुंड

घरी आले. गॅलरीतल्या टेबलावर फळं पसरून बसले होते, तेवढ्यात रात्रपाळीचे वॉचमन पाण्याच्या बिलाचा कागद घेऊन वर आले. ते नेपाळच्या डोंगराळ भागातले, बारा वर्षं आमच्या सोसायटीत आहेत. आम्ही सगळे त्यांना दाजू म्हणतो, म्हणजे नेपाळीत थोरला भाऊ. राजपूरचं फळ त्यांनी हातात घेतलं, चपलेने जमीन साफ केली, आणि डोक्याच्या उंचीवरून सोडलं. गरगरत खाली आलं.

"ये तो फिरफिरे है, ताई. हमारे गाँव में बहुत है."

फिरफिरे! आपलं भिरभिरं. जत्रेत काडीला लावून विकतात ते. दोन भाषांनी एकाच हालचालीवरून नाव ठेवलंय. आत जाऊन तपासलं. राजपूरचं झाड एसर ओब्लाँगम, आणि त्याचं नेपाळी नाव खरोखरच फिरफिरे. पानाचं वर्णनही तंतोतंत जुळलं. जातीचं शास्त्रीय नाव १८२४ साली छापलं गेलं, कलकत्त्याच्या वनस्पती उद्यानाचे प्रमुख नथॅनिएल वॉलिक यांनी सुचवलेलं. वॉलिक १८२० साली नेपाळमध्ये झाडं गोळा करायला गेले होते. दाजूंच्या गावच्या लोकांना तेव्हाही ते झाड माहीत असणार.

दाजूंनी आणखी एक सांगितलं, या झाडाच्या फांद्या ते लोक जनावरांना पाल्यासाठी तोडतात. झाड पुन्हा फुटतं. हे मला फार मोलाचं वाटतं, कारण तोडल्यावर फुटणारं झाड जिद्दीचं असतं.

माझा हिशोब असा. एसर ओब्लाँगम ६०० मीटरपासून वर उगवतं. देहरादूनला मे महिन्यात पारा ४० ला टेकतो, म्हणजे उन्हाची त्याला सवय आहे. पण तिथे जानेवारीच्या रात्री ५-६ अंशांवर येतात. मुंबईत जे नाही ते हेच. उन्हाळा जमेल, हिवाळा कुठून आणायचा? आणि आपल्या पावसाचं काय?

तरी करून बघायचं ठरवलं. मेपल फक्त बर्फाचं झाड आहे असंही नाही. एसर लॉरिनम नावाची जात इंडोनेशियाच्या डोंगरांत, विषुववृत्ताच्या दक्षिणेलाही वाढते. तिचंही पान अखंड आणि खालून पांढरं.

२७ नोव्हेंबर २०२२

कापून बघण्याची परीक्षा. मेपल पोकळ फळंही भरपूर धरतो. परागण झालं नाही तरी पंख वाढतात, आत काही नसतं. बाहेरून कळत नाही. पाण्यात टाकून बघतात, पण माझा त्यावर विश्वास नाही, कारण हवेची पोकळी राहिली तर भरलेलं बीही तरंगतं.

नेलकटरने पंख कापला आणि गाठीची कड हलकेच खरवडली. आतून कागदासारखी तपकिरी साल निघाली आणि तिच्याखाली चक्क हिरवा रंग! बीजपत्रं आतच हिरवी आहेत, दोन लांब पट्ट्या एकमेकींवर घडी घालून कोंबलेल्या, सुटकेसमध्ये साडी बसवावी तशा. भाचीने भिंगातून पाहिलं आणि "मावशी, आत झोपलेलं रोप आहे" म्हणाली. तिच्या आठवीच्या पुस्तकात बी म्हणजे नुसती गोल आकृती आहे.

राजपूरची सत्तर फळं (जोडी सुटी करून मोजली), त्यांतली दहा कापली, सहा भरलेली. चकरात्याची तीस, त्यांतली दहा कापली, तीनच भरलेली. सीझियमचं बी मुळातच कमी भरलेलं दिसतंय, तेव्हा आशा बेताची ठेवते.

४ डिसेंबर २०२२

पेरणीचा आराखडा. ओब्लाँगमची तीस आज थेट कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) आणि वाळूत पेरली, गॅलरीत. दुसरी तीस फ्रीजमध्ये. सीझियमची उरलेली वीसच्या वीस फ्रीजमध्ये.

फ्रीजचं कारण हे की थंडीतल्या झाडाचं बी पडल्या पडल्या उगवलं तर पहिल्या बर्फात मरेल. म्हणून त्याच्यात झोपवून ठेवणारं अ‍ॅब्सिसिक आम्ल असतं, आणि ओल्या थंडीत दोन-तीन महिने राहिलं की त्याचा जोर ओसरतो. बी थंडीचे दिवस मोजतं म्हटलं तरी चालेल. मला मुंबईत तोच हिवाळा डब्यात द्यायचा आहे.

पद्धत: फळं चोवीस तास पाण्यात भिजवली. ओलसर, पिळून पाणी न गळणाऱ्या कोकोपीटमध्ये मिसळून झिपच्या पिशवीत भरली. पिशवीला चार भोकं. तारीख लिहून खालच्या कप्प्यात, ४ अंशांवर. आईची हरकत होती. तिच्या विरजणाशेजारी जंगल नको म्हणते. पिशव्या स्टीलच्या डब्यात घालून डबा मागे सरकवला, मग राजी झाली.

२२ जानेवारी २०२३

गॅलरीत पहाटे १७ अंश. १९६२ साली याच तारखेला सांताक्रूझला ७.४ अंशांची नोंद झाली होती, मुंबईतला नीचांक. तसा एखादा महिना मिळाला असता तर आईचा फ्रीज मोकळा राहिला असता.

फ्रीजमधून ओब्लाँगमची पिशवी काढली. तेरा बियांना पांढरी मुळं, दोन ते पंधरा मिलिमीटर. थेट पेरलेल्या तिसांपैकी आतापर्यंत चारच वर आलीत. म्हणजे या जातीला थंडी नसली तरी थोडं उगवतं, पण थंडी मिळाली की तिपटीहून जास्त आणि एकदम उगवतं. दोन गटांत तीस-तीस ही फार छोटी संख्या आहे हे मान्य. तरी मी पुढच्या खेपेला फ्रीजच वापरेन.

तेराही प्रो-ट्रेमध्ये, म्हणजे रोपांच्या खणाखणांच्या ट्रेमध्ये लावली. मूळ खाली, गाठ एक सेंटिमीटर आत.

९ फेब्रुवारी २०२३

सतरा रोपं. बीजपत्रं पट्टीसारखी लांब, गुळगुळीत, समोरासमोर. बाळाने उठून हात ताणावेत तशी उघडतात.

५ मार्च २०२३

सीझियमच्या पिशवीत दोन मुळं. तीन महिने लागले. लगेच लावली.

शाळेच्या रस्त्यावरून भाची धावत आली, हातात भलंमोठं पान. "मावशी, मेपल सापडला, आपल्या मुलुंडमध्येच!" मुचकुंद. पण मी तिला चूक म्हटलं नाही, कारण मुचकुंदाच्या शास्त्रीय नावातच 'एसेरिफोलियम' आहे, म्हणजे मेपलच्या पानाचा. नाव ठेवणाऱ्यालाही हेच वाटलं होतं. मग दोघी परत त्या झाडाखाली गेलो आणि तिलाच फांदी बघायला सांगितली. पानं एकाआड एक. खाली पडलेलं फळ लाकडी, उभं तडकलेलं, बिया सुट्या एकपंखी. ती स्वतःच म्हणाली, "नाही. हे नाही." समोरच्या महोगनीच्या बियाही फिरत पडतात, त्याही एकपंखी. फिरणं ही अनेक झाडांनी आपापली शोधलेली युक्ती आहे. मेपलचं बी कसं फिरतं याचा अभ्यास २००९ मध्ये प्रसिद्ध झाला. पंखाच्या पुढच्या कडेवर छोटा भोवरा तयार होतो आणि तो बीला उचलून धरतो, किड्यांच्या आणि वटवाघळांच्या पंखांवर होतो तसाच.

१९ मार्च २०२३

कान्हेरीला गेलो होतो. राष्ट्रीय उद्यानातले कोशिंब आत्ता लाल झालेत. दुरून बघितलं तर कुणीही म्हणेल की हा परदेशातला ऑक्टोबर आहे. हा लाल रंग म्हाताऱ्या पानांचा नाही, कोवळ्यांचा आहे. पालवी लाल येते आणि आठवडाभरात हिरवी होते. आणि कोशिंब मेपलचा चुलतभाऊ आहे. पूर्वी मेपलचं वेगळं कुळ मानायचे, आता तो रिठा, लिची, कोशिंब यांच्याच कुळात धरतात. लाल झाडासाठी मुंबईतून हिमालयात जायची गरज नाही, फक्त मार्चमध्ये बोरिवलीला जायला हवं. हे मला इतकी वर्षं माहीत नव्हतं याचं वाईट वाटलं.

११ मे २०२३

सीझियमची दोन्ही गेली. बीजपत्रांनंतर खऱ्या पानांची एक जोडी उघडली, नाण्याएवढी, सुरेख दातेरी. मग वाढ थांबली. कडा करपल्या. दुपारचं ऊन त्यांना कधीच लागू दिलं नव्हतं. माझ्या मते मारलं ते रात्रींनी. गॅलरीत पहाटेही २८ अंश असतात. दिवसभर पानाने केलेली साखर झाड रात्रीच्या श्वसनात वापरतं, आणि रात्र जितकी गरम तितका खर्च जास्त. दोन-अडीच हजार मीटरवरच्या रोपाला रोज उसनवारी करावी लागली. मुंबईत एसर सीझियम पुन्हा लावणार नाही. बी कमी भरतं, झाडंही त्याच्या घरीच विरळ होत चाललीत, तिथलं बी तिथेच पडू दे.

ओब्लाँगम सतरातून पंधरा.

२ जुलै २०२३

पंधरातली चार एका रात्रीत आडवी. पानं हिरवीगार, पण मातीलगत देठ दोऱ्यासारखा बारीक आणि पाणचट. मर रोग. पिथियमसारखे बुरशीवजा सूक्ष्म जीव पाण्यातून पोहत एका खणातून दुसऱ्यात जातात आणि ट्रेखालच्या ताटलीत मीच पाणी साठू दिलं होतं. चूक.

केलेले उपाय: ताटली काढली. ट्रे विटांवर. वरचा अर्धा इंच कोकोपीट काढून चाळलेली कोरडी जाड वाळू घातली. टेबलफॅन दिवसभर मंद. पाणी बंद, हवेतच इतकं आहे.

२३ जुलै २०२३

उरली सहा. तीन आठवड्यांत नऊ गेली. या प्रकल्पातला सर्वांत वाईट महिना. मला उन्हाची भीती होती आणि नुकसान केलं पावसाने. मुळांना हवा लागते, ओल्या मातीत हवेची जागा पाणी घेतं, आणि गरम पाण्यात प्राणवायूही कमी विरघळतो. डोंगरउतारावर कितीही पाऊस पडो, पाणी थांबत नाही. कोकोपीट इथे पावसाळ्यात वापरायचंच नाही. नवं मिश्रण: दोन भाग जाड वाळू, एक भाग विटांचा चुरा, एक भाग लाल माती, अर्धा भाग जुनं शेणखत.

२० ऑगस्ट २०२३

घाबरवणारी गोष्ट. सहापैकी तीन रोपांना जी नवी पानं आलीत ती अखंड नाहीत. तीन फाटे आहेत, मधला मोठा, आणि कडेला पुसटसे दात. झालं, आपण भलतंच बी गोळा केलं असं वाटलं. पण मागची बाजू तीच राखाडी, शिरा तीन, पानं समोरासमोर, आणि सतराही रोपं एकाच झाडाखालची. वाचलं तेव्हा उलगडा झाला, ओब्लाँगमची लहान रोपं आणि बुंध्याचे फुटवे पुष्कळदा फाटेदार पानं काढतात, मोठेपणी ती अखंड होतात. म्हणजे रोपवाटिकेत रोप बघून जात ओळखायची असेल तर पानाच्या आकारावर जाऊ नये. पान उलटं करावं.

याच आठवड्यात भावोजींनी ऑनलाइन मागवलेलं 'लाल आणि निळ्या मेपलचं बी' आलं. मोहरीपेक्षा बारीक, काळं, चकचकीत. मेपलच्या कोणत्याही जातीचं बी असं नसतं, आणि निळ्या पानांचा मेपल जगात नाही. भाचीने तरी पेरलं. तिसऱ्या दिवशी उगवलं, पंधरा दिवसांत माठाची भाजी झाली. विक्रेत्याने पैसे परत केले नाहीत. कुणाला मेपलचं बी विकत घ्यायचं असेल तर पंख दिसल्याशिवाय पैसे देऊ नयेत.

२२ ऑक्टोबर २०२३

मोठ्या कुंड्यांत हलवली. एकाचं सोटमूळ मोडलं, गेलं. पाच.

१४ जानेवारी २०२४

थंडी जेमतेम. रोपं पानं धरून आहेत. ओब्लाँगम मुळात पूर्ण निष्पर्ण होणारं झाड नाही, त्यामुळे काळजी नाही. तरी महिनाभर खत बंद ठेवलं, पाणी निम्मं केलं, आणि कुंड्या उत्तरेच्या कठड्याला, जिथे रात्री वारा लागतो, तिथे ठेवल्या. आईने विचारलं, झाडांना थंडी दाखवायला रात्री उठतेस का. हो, दोनदा उठले.

१० मार्च २०२४

पूर्वेचा वारा सुटलाय, समुद्राची हवा दुपारपर्यंत येत नाही. मुंबईत मे महिन्यापेक्षा मार्चचं ऊन जास्त भाजतं ते याच दिवसांत. स्वयंपाकघरातला काटेवाला थर्मामीटर मातीत खुपसून दुपारी तीनला मोजलं.

काळ्या प्लॅस्टिकच्या कुंडीत ४१.
साध्या मातीच्या कुंडीत ३५.
मोठ्या कुंडीत छोटी कुंडी, मधल्या फटीत ओली वाळू: ३०.

एकाच सावलीत, एकाच वेळी अकरा अंशांचा फरक! माठातलं पाणी गार होतं तेच तत्त्व. पाचही रोपं आजच दुहेरी कुंडीत हलवली. मेमध्ये हवा दमट झाली की ही युक्ती निम्मीही चालणार नाही, कारण बाष्पीभवनाला कोरडी हवा लागते. पण मार्च तरी निभेल. झाडाच्या वरच्या अंगाला उकाडा झाला तर ते पान टाकतं आणि पुन्हा काढतं, पण मूळ भाजलं तर काही उरत नाही.

पानांच्या मागे लाल कोळी, म्हणजे रस शोषणारी बारीक कीड. सकाळी पाण्याचा जोरदार फवारा, आठवड्यातून एकदा निंबोळी तेल.

२६ मे २०२४

उन्हाने दोन नेली होती, उरली होती तीन. मी चार दिवस नाशिकला गेले. सोसायटीच्या बागेला पाणी देणाऱ्यांना सांगून गेले होते की रोज एक तांब्या घाला. त्यांनी मनापासून घातलं, पण बागेच्या नळाचं, म्हणजे बोअरवेलचं. परत आले तर पानांच्या कडा तपकिरी, आतल्या बाजूला हिरवी रेघ. क्षारांची भाजणी. आपल्या घरच्या नळाला तलावांचं पाणी येतं, तानसा-वैतरणा-भातसाचं, ते मऊ असतं, त्याचा कधी त्रास झाला नव्हता. प्रत्येक कुंडीतून बादलीभर नळाचं पाणी सोडून क्षार धुऊन काढले.

त्यांना काही बोलले नाही. कोणतं पाणी हे मी सांगितलंच नव्हतं.

९ जून २०२४

त्यातलं एक गेलं. दोन उरली. सत्तर फळांतून दोन.

४ ऑगस्ट २०२४

दोन्ही ठीक. वाळू-विटकरीचं मिश्रण पावसात एकदाही तुंबलं नाही. उंची ३४ आणि ३७ सेंटिमीटर.

सोसायटीच्या सभेत वृक्षारोपणाचा विषय निघाला. सचिव म्हणाले, तुमचे ते हिमालयातले दोन मेपल मागच्या डोंगरावर लावू, फलक लावू, मुलांना कौतुक वाटेल. मी नाही म्हटलं. मागचा डोंगर म्हणजे राष्ट्रीय उद्यानाची कड. ते मोकळं रान नाही, तिथे प्रत्येक जागेवर कुणीतरी आधीच राहतं. पंखाचं बी असणारं बाहेरचं झाड जंगलाच्या कडेला लावणं बरोबर नाही, मग ते जगो की मरो. कोशिंब लावू म्हटलं. कुसुमी लाख ज्याच्यावर घेतात ते हे झाड, पाखरांना फळं, आणि मार्चमध्ये लाल पालवी. आवाज चढला माझा थोडा. अकरा कोशिंबांची रोपं ठरली.

२१ सप्टेंबर २०२४, पाचगणी

मोठं रोप मामांच्या अंगणात लावलं. उंची १,३०० मीटरच्या आसपास, महाबळेश्वरच्या मानाने पाऊस बराच कमी, जांभ्या मातीत पाणी थांबत नाही, रात्री गार. सभोवती कुंपण, जंगलापासून दूर. दीड हाताचा खड्डा, तळाला दगडगोटे, मातीचा गोळा न फोडता. रोपाची मान जमिनीच्या पातळीला, खाली नाही. मामांना तीन गोष्टी लिहून दिल्या: बुंध्याला पाणी साठू द्यायचं नाही, पालापाचोळ्याचं आच्छादन बुंध्यापासून चार बोटं लांब, आणि फांदी छाटायची नाही. मामी म्हणाल्या, "एवढ्या लांबून आणलंस, फूल कसं येतं?" पिवळट-हिरवं, बारीक, झुबक्यात. "म्हणजे दिसायला काही नाही," म्हणाल्या आणि तरी पहिला तांब्या त्यांनीच घातला.

५ जानेवारी २०२५

मामांचा फोन. निम्मी पानं पडली, रोप गेलं का विचारत होते. नखाने खोडाची साल खरवडायला सांगितली. हिरवी आहे म्हणाले. मग झोपलंय.

२ मार्च २०२५

गॅलरीतल्या रोपाला नवी पालवी. पहाटेच्या उजेडात तांब्याच्या भांड्यासारखा रंग, देठ लालसर, पान अजून इतकं मऊ की बोटावर धरलं तर वळतं. या खेपेची तिन्ही जोडपानं अखंड आहेत, एकालाही फाटा नाही. मागे अजून पांढुरकी नाहीत, ती नंतर होतील. खालची फाटेदार जुनी पानं आणि वरची ही, एकाच खोडावर दोन वयं. भाचीने दोन्हींची चित्रं तिच्या वहीत काढलीत.

उंची ४२ सेंटिमीटर. पाचगणीचं ५५, मामांनी टेपने मोजलं.

संध्याकाळी दाजू वर आले होते. त्यांनी रोपासमोर मोबाइल धरून गावी व्हिडिओ कॉल लावला आणि आईला दाखवलं. त्या माउली बराच वेळ निरखून बघत होत्या. मग काहीतरी विचारलं. दाजूंनी मला सांगितलं, "पूछ रही है, इतना छोटा है, बकरी को कब खिलाओगे?"

कुंडीची बाहेरची वाळू आज पुन्हा ओली केली.